फणस होता, स्टेपनी नव्हती

टायर या विषयावर मला गेल्या दोन वर्षांत जे काही कळलं, ते आधी कळलं असतं तर एक अख्खी दुपार, एक टायर आणि सासूबाईंसमोरची थोडी अब्रू वाचली असती. शहाणपण शिकवावं एवढी माझी पत नाही. पार्किंगमध्ये लावलेल्या माझ्या गाडीकडे बघून आमचा वॉचमन अजूनही हसतो. तेव्हा हे आपलं आठवेल तसं.

१. मी चौदा वर्षं बिनस्टेपनीच्याच गाडीतून फिरत होते, हे मला ती गाडी विकताना कळलं. २००९ सालची छोटी पेट्रोल गाडी. घ्यायला आलेल्या माणसानं सोबत मेकॅनिक आणला होता. त्यानं डिकीतला गालिचा उचलला, स्टेपनी उपसून काढली आणि अंगठ्यानं दाबली. ती दबली. टायरच्या कडेवरचे चार आकडे त्यानं मला वाचून दाखवले : ०८०९, म्हणजे २००९ चा आठवा आठवडा. टायरचा जन्मदिवस असा टायरवरच लिहिलेला असतो, हे तोवर मला माहीत नव्हतं. रबराला बारीक चिरा गेल्या होत्या, हिवाळ्यात टाचेला पडतात तशा. खालच्या खड्ड्यात लेकीचा बालवाडीतला एक मोजा सापडला.

या स्टेपनीच्या भरवशावर मी कोल्हापूर केलं, गोवा केलं, अक्कलकोट केलं. पंक्चर व्हायची तेव्हा ती नेमकी एखाद्या दुकानाजवळ व्हायची आणि हे आपल्या चांगल्या ड्रायव्हिंगचं फळ आहे असा माझा समज होता. माझे वडील फियाटमध्ये हवा भरायला गेले की आधी स्टेपनीची हवा बघायचे आणि तिच्यात दोन पौंड जास्तच ठेवायचे. ‘ती बसून असते ना, तिच्याकडे कोण बघतंय,’ म्हणायचे. गाडी मी त्यांच्याकडूनच शिकले. एवढंच शिकायचं राहिलं.

२. त्यामुळे नव्या गाडीत स्टेपनी नाही म्हणून मी जी कुरकुर केली, तिच्यात फारसा दम नव्हता. ही गाडी विजेवरची. शोरूममधल्या मुलानं डिकी उघडून दाखवली, मी सवयीनं गालिचा उचलला, तर खाली चाकाच्या जागी बॅगेएवढी एक पेटी. ‘मॅडम, आता स्टेपनी कोण वापरतं?’ तो म्हणाला. मला वाटलं, पैसे वाचवायला कंपनीनं काढलेली ही पळवाट. घरी येऊन शोधलं तर सरकारनंच २० जुलै २०२० ला नियम बदललेला. साडेतीन टनांपर्यंतच्या, चालकासह नऊ जणांपर्यंतच्या गाडीला ट्यूबलेस टायर असतील, हवेचा दाब सांगणारी यंत्रणा असेल आणि दुरुस्तीचं किट दिलेलं असेल, तर स्टेपनीची सक्ती नाही. १ ऑक्टोबर २०२० पासून हे लागू झालं. चाकाचं पंधरावीस किलो वजन वाचतं, जागा वाचते, बॅटरीला वाव मिळतो. कागदावर सगळं पटण्यासारखं आहे.

त्याच रात्री आणखी एक गोष्ट कळली आणि तिनं मला उगीचच आनंद झाला. स्टेपनी हा शब्द वेल्समधल्या लानेली गावच्या स्टेपनी स्ट्रीटवरून आला. सुरुवातीच्या मोटारींना जादा चाक नसायचंच. १९०४ मध्ये तिथल्या थॉमस मॉरिस डेव्हिस नावाच्या माणसानं एक बिनआऱ्यांची धाव काढली. तिच्यावर फुगवलेला टायर असायचा आणि ती पंक्चर चाकाच्या अंगालाच तात्पुरती आवळून बसवायची. रस्त्याचं नाव चाकाला पडलं आणि ते चाक आपल्याकडे असं रुळलं की गॅरेजमध्ये आजही दुसरा शब्द कुणाच्या तोंडी येत नाही. शंभरावर वर्षांनी आपण पुन्हा १९०३ मध्ये येऊन पोचलो, असं मी नवऱ्याला म्हटलं. तो झोपला होता.

३. दिवा खोटं बोलत नव्हता, मी बहिरी होते. डॅशबोर्डवर घोड्याच्या नालेसारखा पिवळा आकार आणि आत उद्गारचिन्ह. डिसेंबरातल्या सकाळी तो लागायचा, दुपारी विझायचा. ‘इंजिनचं काहीतरी असेल’ म्हणून मी महिनाभर सोडून दिलं. माझ्या गाडीला इंजिन नाही, हे लेकीनं लक्षात आणून दिलं. तो टायरच्या हवेचा दिवा. थंडीनं दाब उतरतो, ऊन चढलं की वाढतो, आणि काठावरची हवा असेल तर दिवा असा लपंडाव खेळतो. म्हणजे तो महिनाभर ‘बाई, हवा भर’ एवढंच सांगत होता. पण सकाळी येऊन दुपारी जाणाऱ्या पाहुण्याला आपण पाहुणा समजतच नाही. मे महिन्यात ताम्हिणी घाटात तो लागला तेव्हाही माझ्या मनात पहिला विचार आला, जाईल आपोआप.

४. सामान नेहमी किटच्या वर असतं. आम्ही दिवेआगरहून परत येत होतो, मी आणि सासूबाई. म्हसळा, माणगाव, निजामपूर करून विळ्यापासून घाट चढायला लागलो. एका वळणावर समोरून बस आली. मी डावीकडे सरकले. साइडपट्टी वाहून गेलेली, आणि डांबराची कड चांगली वीतभर उंच. पुढचं डावं चाक खाली उतरलं आणि वर येताना त्या कडेला घासलं. आवाज फार नव्हता, कुणी जाड कापड फाडावं तेवढा. स्क्रीनवर त्या चाकाचा आकडा तेहतीसचा एकवीस झाला, मग बारा. जरा रुंद जागा बघून मी थांबले तेव्हा चार होता.

किट डिकीच्या तळाशी. त्याच्यावर एक अकरा किलोचा बरका फणस, आमसुलांचे दोन डबे, पोह्याचे पापड, सुपाऱ्यांची पिशवी, सासूबाईंची बॅग आणि कुणीतरी ‘जाता जाता’ दिलेली आठ शहाळी. स्टेपनी नसल्यामुळे डिकी मोठी मिळते आणि मोठी डिकी कोकणातून कधी रिकामी येत नाही. हे सगळं मी एकेक करून घाटाच्या कडेला मांडलं. जाणाऱ्या दोन गाड्या फणसाचा भाव विचारायला थांबल्या.

५. लाल त्रिकोण उभा राहत नाही. म्हणजे घरात राहतो. घाटात शेजारून ट्रक गेला की त्याच्या वाऱ्यानं तो आडवा होतो. तीनदा उभा केला. चौथ्या वेळी सासूबाई म्हणाल्या, ‘अगं, त्याच्या पायाशी फणस ठेव.’ ठेवला. मग हलला नाही.

६. किट म्हणजे औषधाचा डबा, डॉक्टर नव्हे. पेटीत एक छोटा कॉम्प्रेसर, एक नळी आणि पांढऱ्या द्रावाची बाटली होती. पुस्तिका मी तिथेच, कठड्याला टेकून, पहिल्यांदा उघडली. बाटली कॉम्प्रेसरवर बसवायची, नळी व्हॉल्व्हला, वायर बारा व्होल्टच्या सॉकेटला. द्राव आत जाऊन भोक बुजवतो, मग हवा भरते. बटण दाबलं. सुई झर्रकन वर गेली आणि मला अभिमानानं भरून आलं. नंतर कळलं, द्राव व्हॉल्व्हमधून रेटला जातो तेवढा वेळ सुई अशीच खोटा आकडा दाखवते. मग ती पडली, पडतच राहिली. टायरच्या कुशीतून, रिमच्या जरा खाली, पांढरा फेस बुडबुडत बाहेर आला आणि रस्त्यावर ओघळला.

‘दूध उतू गेलं की गं,’ सासूबाई म्हणाल्या.

पुस्तिकेत पुढच्याच पानावर लिहिलं होतं की हे फक्त टायरच्या रस्त्याला टेकणाऱ्या भागातल्या छोट्या भोकासाठी आहे, खिळा-स्क्रूनं पडणाऱ्या. कुशीला चीर गेली तर किट वापरू नये. कूस सतत दबते, फुगते, वाकते, तिथे कुठलंच ठिगळ टिकत नाही आणि टिकलं तरी त्याच्यावर विश्वास ठेवू नये. शिवाय बाटली एकदाच वापरायची असते आणि तिला मुदतही असते. माझी मुदतीत होती, पण आता रिकामी झाली होती. या गोष्टीवर मी बराच विचार केला आहे. स्टेपनी ही मुळात अडाण्यांची सोय होती. चाकाला काय झालंय, खिळा की चीर की रिम वाकलीय, हे तिला विचारायचंच नसतं. जुनं काढा, नवं लावा. किट मात्र आधी प्रश्न विचारतं, आणि तेही अशा वेळी जेव्हा आपलं डोकं ठिकाणावर नसतं.

७. नेटवर्क नसेल तर ॲप म्हणजे फोनमधलं चित्र. गाडीसोबत रस्त्यावरच्या मदतीची सेवा मिळाली होती. तिचा नंबर ॲपमध्ये, आणि ॲप उघडायला नेटवर्क हवं. ताम्हिणीत ते नव्हतं. राष्ट्रीय महामार्गाची मदत १०३३ वर मिळते हे मला पाठ होतं, पण फोनवर एक दांडी नसताना पाठ असून काय करणार? आता माझ्या गाडीत सनग्लासच्या कप्प्यात एक पुठ्ठा आहे. त्याच्यावर बॉलपेननं मदतसेवेचा नंबर, पॉलिसीचा नंबर, गाडीचा नंबर आणि टायरचं माप लिहिलंय : १८५/६५ आर १५. एकशे पंच्याऐंशी मिलिमीटर रुंदी, तिच्या पासष्ट टक्के कुशीची उंची, आर म्हणजे रेडियल, पंधरा इंची रिम. दुकानदार फोनवर पहिला प्रश्न हाच विचारतो आणि तेव्हा पावसात गुडघ्यावर बसून टायर वाचावा लागतो.

८. माणूस थांबतो. हे मी विसरले होते. शहरात गाडी बंद पडली की मागून हॉर्न वाजतात, म्हणून काचा वर करून फोनकडे बघायची सवय. इथे अर्ध्या तासात चौघं थांबले (फणसवाले सोडून). चौथा आंब्याचे रिकामे क्रेट घेऊन चाललेला पिकअपवाला. उतरला, चाकाभोवती फिरला, चिरेत बोट घालून बघितलं.

‘ताई, स्टेपनी काढा. दहा मिनिटांत लावतो.’

‘स्टेपनी नाहीये.’

‘नाही म्हंजे? ती पण पंक्चरे का?’

‘नाही म्हणजे नाहीच. कंपनी देत नाही.’

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग अगदी हळू आवाजात, घरातलं काही विचारावं तसं त्यानं विचारलं, ‘पैसे पूर्ण घेतले ना पण?’

मग आम्ही तिघांनी मिळून उपाय काढला. माझ्या पॉलिसीच्या कागदावर बारीक अक्षरात मदतसेवेचा नंबर सापडला. तो त्यानं तळहातावर लिहून घेतला. गाडीचा नंबर मनगटावर. शेजारच्या मैलाच्या दगडावरचा आकडा लिहायला जागा उरली नाही, तो पाठ केला. रेंज आली की फोन करतो म्हणाला. आजींना पाणी आहे का, विचारलं. आजींनी त्याला शहाळं दिलं.

तो फोन करेल याची मला खात्री नव्हती. हे लिहिताना लाज वाटते, पण नव्हती. पावणेतीन तासांनी टोइंगची गाडी आली तेव्हा चालकानं सांगितलं, तुमच्या भावाचे तीन फोन येऊन गेले, पोचलो का म्हणून.

९. मदतसेवा गाडीला मदत करते. माणसांचं आपलं आपण बघायचं असतं. विजेवरच्या गाडीची चालती चाकं जमिनीवर ठेवून ती ओढायची नसते, म्हणून सपाट पाठीचा ट्रक येतो आणि गाडी उचलून वर ठेवतो. वर ठेवलेल्या गाडीत कुणी बसायचं नाही, हा नियम. आणि ट्रकची केबिन माझ्या खांद्याच्या उंचीवर. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईनं तिथे कसं चढायचं, हे कुठल्याही पुस्तिकेत नव्हतं. आंब्याचा एक क्रेट असता तर बरं झालं असतं. शेवटी माझी बॅग पायरीसारखी ठेवली. त्या चढल्या, पदर सावरला, आणि पिरंगुटपर्यंत त्या चालकाची सोयरीक कुठे जमू शकते याची चर्चा केली. मी खिडकीशी, मांडीवर आमसुलं. तेव्हापासून लांब जाताना मी आधी बरोबर कोण आहे ते बघते, मग चाकं बघते. एकटी असेन तर थांबून राहणं जमतं. गुडघे दुखणारं, औषधं वेळेवर घेणारं कुणी असेल तर थांबून राहणं हा उपाय उरत नाही.

१०. काटा दिसला की काढायचा, ही आपल्या हाताची सवय आहे आणि टायरला ती चालत नाही. ऑगस्टमध्ये मागच्या चाकात स्क्रूचं चकचकीत डोकं दिसलं. हवा पुरेशी होती. मी पक्कड आणून तो उपटला. जे बूच होतं तेच काढलं! पार्किंगमध्ये सुस्कारा ऐकू आला आणि वॉचमन तेव्हापासून हसतो आहे.

पण त्या दिवशी कॉम्प्रेसरनं लाज राखली. फुस्स करत असलेलं चाक भरायचं आणि लगेच निघायचं, एवढं चौकापर्यंत पुरलं. आमच्या चौकातला टायरवाला केरळचा. पंचवीस वर्षांत त्याचं मराठी माझ्यापेक्षा रोखठोक झालंय. त्यानं रीमर भोकात घातला, गोल फिरवून भोक साफ केलं, सुईच्या नाकात तपकिरी चिकट पट्टी ओवली, जोर लावून आत दाबली आणि झटक्यानं सुई ओढली. पट्टी आत राहिली, शेपट्या बाहेर. त्या कापल्या. मग बोट जिभेला लावून थुंकी व्हॉल्व्हच्या तोंडावर पसरली आणि खाली वाकून बघितलं. बुडबुडा नाही. साबणाचं पाणी शेजारीच होतं, पण शेवटची खात्री थुंकीनंच.

मी त्याला घाटातली गोष्ट सांगितली. त्यानं पांढऱ्या द्रावाचं नाव ऐकूनच तोंड वाकडं केलं. तो टायरच्या आत सगळीकडे माखतो, मग आतून पॅच चिकटत नाही, सेन्सर बरबटतो, साफ करायला तासभर जातो. त्याचं म्हणणं, बाटलीच्या आधी पट्टी. मग त्यानं कोपऱ्यातला एक टाकाऊ टायर ओढला, त्याच्यात खिळा ठोकला आणि म्हणाला, ‘करा.’ पहिल्या पट्टीला मला वीस मिनिटं लागली आणि तळहाताला फोड आला. तिसरीला सहा. रीमर फिरवायला जेवढी ताकद लागते, तेवढी गणपतीच्या आधी नारळ सोलतानाही लागत नाही.

११. आणि शेवटी मी स्टेपनी विकत घेतली. एवढं सगळं शिकून! नवा टायर, लोखंडी रिम. तिथेही आकार जुळला की झालं असं नसतं. नटांच्या भोकांची संख्या, त्यांच्यातलं अंतर, मधल्या भोकाचा व्यास, सगळं जुळावं लागतं. दुकानदारानं गाडीला लावून दाखवलं तेव्हाच पैसे दिले. घरी मोठ्या तोऱ्यात नवऱ्याला म्हटलं, चल, रंगीत तालीम करू. पार्किंगमध्ये उतरलो. मी बाह्या सरसावल्या. त्यानं विचारलं, जॅक कुठंय?

स्टेपनी न देणारी कंपनी जॅक आणि पाना कशाला देईल? जॅक आणायला पुन्हा बाजारात. मग तो कुठे लावायचा यावर एक संध्याकाळ गेली, कारण माझ्या गाडीच्या पोटात बॅटरी आहे, आणि जॅक दारांखालच्या ठरलेल्या चार खुणांशिवाय कुठेही टेकवून चालत नाही. त्या खुणा मी आता डोळे मिटून सांगते. नट आधी, चाक जमिनीवर असतानाच, सैल करायचे, हेही वॉचमननं सांगितलं. तो पूर्वी ट्रकवर क्लीनर होता.

गावात फिरताना ती स्टेपनी गॅलरीत असते, जुन्या चादरीत गुंडाळलेली, मनी प्लँटच्या कुंडीशेजारी. लांब जायचं असलं की खाली येते. महिन्यातून एकदा तिची हवा बघते. दोन पौंड जास्त.

१२. या मे महिन्यात पुन्हा दिवेआगरला गेलो. परत निघताना डिकी उघडली तर अर्धी जागा स्टेपनीनं घेतलेली. सासूबाई बराच वेळ बघत उभ्या राहिल्या. ‘मग फणस कुठे ठेवायचा?’ मागच्या सीटवर त्या पाय लांब करून बसतात, तिथे जागा नाही. फणस पुढे माझ्याशेजारी बसवला. विळ्याच्या अलीकडे गाडी टूं टूं करायला लागली. पोटात गोळा आला, आधी दिवा बघितला, मग चारही आकडे. तेहतीस, तेहतीस, चौतीस, तेहतीस. थांबून फणसाला पट्टा लावला, तेव्हा ती गप्प झाली.